महूची गाडी खरंच मिलिटरीची आहे का?

"इथल्या जवळच्या महूहून गाडी घेतोय, मिलिटरीची आहे म्हणतात. खरी आहे का, आणि कुठल्या सालची असेल?" इंदुरात लग्न असो की गणपतीचा मांडव, कोणीतरी मोबाइलवर फोटो उघडून मला हे विचारतंच. फोटोत बहुतेकदा मारुतीची जिप्सी असते, कधी जोंगा ही फौजी जीप, क्वचित जुनी विलीज जीप. आता तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तरच सांगतो.

नुसत्या फोटोवरून मी काहीही सांगत नाही. त्यातून फोटोतली गाडी ऑलिव्ह ग्रीन रंगात चमकत असेल तर जास्तच सावध होतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२१ वा नियम म्हणतो की हा रंग संरक्षण खात्याच्याच गाड्यांना लावायचा. म्हणजे फौजेच्या लिलावात सुटलेली गाडी खासगी नावावर चढवताना रंग बदलावाच लागतो. मग विकायला उभी असलेली गाडी इतकी हिरवीगार कशी? गिऱ्हाईक भुलावं म्हणून रंगवलेली. महू १८१८ पासून छावणी आहे, त्यामुळे तिथे उभी असलेली कुठलीही जुनी जीप 'फौजी' म्हणून सहज खपते.

खरा हिरवा असतो तो दडलेला. बॅटरीच्या ट्रेखाली, डॅशबोर्डच्या मागच्या पत्र्यावर, सीट उचलून तिच्या खाली बघा. पांढऱ्या किंवा लाल रंगाचा पोपडा नखाने उचकटला की मळकट हिरवा दिसतो, आणि पुष्कळदा त्याखाली हिरव्याचाच आणखी एक थर. हौशी मालक असे थरावर थर चढवत नाही, फौजेत चढतात. चाकावरच्या पत्र्याला तिरपा टॉर्च लावा. तिथे टायरमधल्या हवेचा आकडा रंगवलेला असायचा, त्याच्या कडा नव्या रंगाखालूनही कधीकधी उमटतात. मागे वाकून डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या दांड्यावरचा फुगीर गोळा, पाहा. रात्री दिवे मालवून ताफा जाताना मागच्या गाडीला दिसावं म्हणून ते पांढरं रंगवतात आणि त्यावर उजेड पडेल असा छोटा दिवा बसवतात. दिवा गेला असला तरी त्याची पट्टी किंवा भोकं राहतात.

आता साल. अशा गाडीला एक नाही, तीन सालं असतात: कारखान्यातून निघाली ते, फौजेत भरती झाली ते आणि आरटीओत नोंदली गेली ते. विकणारा त्यातलं सोयीचं सांगतो. आरसीवर २००८ वाचून लोक खूश होतात आणि गाडी निघते १९९४ची. भरतीचं साल बीए नंबरात, म्हणजे फौजेच्या नंबर प्लेटवरच्या नंबरात असतं. त्यात वर टोक केलेल्या बाणाला लागून जे दोन आकडे येतात, ते साल. ती प्लेट खासगी गाडीला चालत नाही, म्हणून गाडीवर ती सापडणार नाही. जुन्या कागदांत मात्र तो नंबर शोधा.

जन्माचं साल हवं तर चॅसीकडेच, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याकडेच जावं लागतं. इंजिनावर भिस्त ठेवू नका, वर्कशॉपच्या ओव्हरहॉलमध्ये ते बदललेलं असू शकतं आणि त्यात काही गैर नाही. चॅसीवरचा नंबर रॉकेलच्या फडक्याने पुसा, तारेच्या ब्रशने मळ काढा, कागद ठेवून पेन्सिल फिरवा. आरटीओत घेतात तशीच प्रिंट. कागदावर आकड्यांची खोली आणि अंतर स्पष्ट कळतं. एखादा आकडा जास्त खोल, एखादा वाकडा, आजूबाजूला ग्राइंडरच्या रेघा, असं काही दिसलं तर मी तिथूनच परत फिरतो.

जिप्सीचा हिशेब सोपा आहे. ती बाजारात आली डिसेंबर १९८५ मध्ये, ९७० सीसी इंजिन घेऊन. फौजेत १९९१ पासून. तेव्हा '८८ची फौजी जिप्सी' कोणी देऊ लागलं तर पाय मागे घ्या. १९९३ मध्ये दोन चाकांमधली रुंदी ९० मिलिमीटरने वाढली, १९९६ मध्ये १३०० सीसीचं इंजिन आलं, २००० मध्ये एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनने पेट्रोल सोडणारं. बॉनेट आणि पुढची जाळी पाहून मात्र साल ठरवू नका, ती भंगारातून कुठलीही आणून बसवता येते.

जोंगा आपल्याच मध्य प्रदेशात, जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत बनायची, १९६९ ते १९९९. मूळची निसानची 'पॅट्रोल' गाडी, चार लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन. ती बनायचीच प्रामुख्याने फौजेसाठी, त्यामुळे तिथे प्रश्न उरतो तो सालाचाच.

'दुसऱ्या महायुद्धातली जीप' हा दावा सगळ्यात जास्त तपासा, कारण भाव त्याचाच लावतात. बॉनेट उंच असेल तर ती सीजे थ्री बी, म्हणजे महिंद्राने आपल्याकडे वर्षानुवर्षं बनवलेली, महायुद्धानंतरची. युद्धकाळातल्या पत्र्याच्या जाळीला नऊ फटी, नंतरच्या सीजेला, म्हणजे नागरी जीपला, सात. ग्रिलच्या खाली, चॅसीचा पुढचा आडवा दांडा हाताने चाचपा. गोल नळी लागली तर विलीज, उलट्या यू आकाराची पट्टी लागली तर फोर्डने बनवलेली तीच जीप. एवढं जुळलं की मग नंबराकडे वळा.

या गाड्यांनी काढलेली नोकरी खरी असते. नुसत्या रंगाने दुसऱ्या कुठल्याही गाडीला ती चिकटवलेली मला खपत नाही, म्हणून इतका चिवटपणा करतो. फौजेतून सुटलेल्या गाडीची पहिली नोंदणी करताना फॉर्म २१ मधलं मूळ विक्री प्रमाणपत्र आरटीओत द्यावं लागतं, आणि त्यात चॅसी नंबर, इंजिन नंबर, बनल्याचा महिना आणि साल असतं. मालकाकडे प्रत नसेल तर त्यालाच आरटीओच्या फाइलमधून काढायला सांगा. बयाणा त्यानंतर. तोवर पेन्सिलीची प्रिंट खिशात ठेवा आणि प्रत हाती आली की एकेक आकडा ताडून पाहा.