चिंचोक्यांचं मतदान

आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा वटपौर्णिमेनंतरच्या रविवारी असतो. पत्रिकेवर ‘वार्षिक स्नेहमेळावा’ छापतात. पण सांगलीच्या आमच्या भागात त्याला तसं कुणी म्हणत नाही. ‘झाडाच्या मेळाव्याला येणार न्हवं?’ असंच विचारतात.

त्या दिवशी आम्ही सगळ्यांचं आवडतं झाड निवडतो. पटांगणातल्या चिंचेखाली बाक मांडायचे, बाकावर पत्र्याचे डबे, प्रत्येक डब्यावर खडूनं एकेका झाडाचं नाव. फाटकात शिपाईमामा प्रत्येकाच्या हातावर तीन चिंचोके ठेवायचे. तिन्ही एका डब्यात टाका नाहीतर वाटून टाका. चिंचोके याच चिंचेचे, उन्हाळ्यात चिंचा फोडून मामांनी पोत्यात राखलेले. एका वर्षी माणसं एकशेवीस आणि मोजणीत चिंचोके निघाले चारशे अकरा! घरून खिसे भरून कोण आलं होतं ते आजतागायत कळलेलं नाही. माझा एका मित्रावर संशय आहे, पण तो आता आमच्या मंडळाचा खजिनदार आहे.

उमेदवार झाडाच्या बाजूनं कुणीतरी पाच मिनिटं बोलायचं. पाच मिनिटं झाली की मामा रुळाच्या तुकड्यावर टोला हाणायचे. बोलण्यात माहिती नको, फक्त आठवण, हा नियम आमच्या बाईंनी केला, त्यालाही कारण घडलं. विज्ञानाचे सर वडावर बोलायला उभे राहिले आणि वीस मिनिटं खाली बसले नाहीत. वडाचं फळ म्हणजे आतून मिटलेला फुलांचा गुच्छच, त्यात एक इवलीशी माशी शिरते, तिच्याशिवाय वडाला बी धरत नाही आणि वडाशिवाय तिची वीण होत नाही. मामांनी तीनदा टोले दिले, सरांनी ऐकलं नाही. लोक भडंगाच्या पुड्यांकडे बघत बसले होते. खरं सांगायचं तर मला ते भाषण फार आवडलं होतं, पण नियम झाला तो झाला.

हरिपूर रस्त्याच्या चिंचा दरवर्षी उमेदवार असायच्याच. हळदीच्या गाड्या हरिपूरच्या पेवांकडे, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांकडे, जायच्या तेव्हाच्या आठवणी सांगणारे एक अण्णा होते. बैल सोडून सावलीला बांधलेले, वडील धोतराच्या सोग्यानं वारा घेतायत आणि अण्णा गाडीच्या साटीवर उभे राहून गाभुळलेल्या चिंचा पाडतायत. गोष्ट तीच, दरवर्षी तीच, तरी ‘गाभुळलेल्या’ म्हणताना त्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं आणि आमच्याही.

एकदा साताऱ्याकडचे एक जावई आले. त्यांनी तिकडच्या ‘वडाचे म्हसवे’ गावचा वड उभा केला. १८८२ साली मोजला तेव्हा त्याचा घेर १५८७ फूट भरला होता, पारंब्यांसकट. सगळे गार पडले. बाईंनी शांतपणे विचारलं, ‘जावईबापू, तुमची आठवण काय त्याच्याखालची?’ जावईबापूंना आठवण नव्हती. झाड बाद.

आणि त्याच वर्षी शेवगा जिंकला! एक मावशी उभ्या राहिल्या, परसातल्या शेवग्याच्या शेंगा बाजारात विकून थोरल्याची फी भरली, एवढंच बोलल्या. दोन मिनिटंही झाली नसतील. बोटानं चेपलं तर मोडेल असल्या झाडाच्या डब्यात चिंचोके मावेनात.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णा शाळेत शिरली. डबे, पोतं, घंटा सगळं गाळात. चिंच उभी राहिली, बुंध्यावर माणसाच्या डोक्याहून वर चिखलाची रेघ. पुढच्या वर्षी कोरोना, म्हणून मतदान फोनवर. २०२० मध्येच मिरज तालुक्यातल्या भोसे गावचा वड गाजत होता. चारशे वर्षांचा म्हणतात, पंढरपूरच्या वाटेवरचा, वारकऱ्यांच्या विसाव्याचा. रत्नागिरी-नागपूर महामार्गात तो तुटणार होता. लोक झाडाभोवती उभे राहिले, सरकारदरबारी पत्रं गेली, शेवटी रस्त्याची आखणी बदलली. आमच्याकडे फोनवर तोच जिंकला. थंडीत आम्ही सात-आठ जण तोंडाला मास्क लावून बघूनही आलो. हाताला हात धरून बुंध्याला वेढा घालायचा बेत होता, पण शेवटचा हात काही पहिल्यापर्यंत पोचेना.

जून २०२२ मध्ये तो वड वादळवाऱ्यात पडला.

त्या रविवारच्या मेळाव्यात बाकावर त्याच्या नावाचा डबा होता. कुणी ठेवला ते विचारलं नाही कुणी. पाचवीतला एक पोरगा, आमच्यातल्याच एकाचा नातू, म्हणाला, ‘पडलेल्या झाडाला मत चालतंय का?’ बाईंनी मामांकडे बघितलं. मामा म्हणाले, ‘नियमात तसं काय न्हाई.’

‘मग बोल की तू,’ बाई म्हणाल्या.

पोरगा उभा राहिला. आजोबांबरोबर गेलो होतो, पारंबीला लोंबकळलो, चप्पल खाली पडली, आजोबा ओरडले. संपलं. मामांनी टोला दिलाच नाही, हातोडी हातातच धरून उभे राहिले.

मी माझे तिन्ही चिंचोके त्या डब्यात टाकले. निकाल मात्र शेवग्याचा लागला, दुसऱ्यांदा.