अपडेट फोनचं, दुखणं स्टिरिओचं

सातारा ते कराड आणि परत, रोज गाडी मीच चालवते. हायवेचं काम जिथे सुरू असेल तिथे रखडायचं, हे आता अंगवळणी पडलंय. तेवढ्या वेळात बातम्या, नाट्यगीतं, कॉलेजचे आणि घरचे फोन, सगळं स्टिरिओवरून चालतं. गाडी २०१७ ची, स्टिरिओ कंपनीतूनच बसवून आलेला, छोट्या स्क्रीनचा. आजवर त्याने कधी कुरकुर केली नव्हती.

मग फोनला मोठं अपडेट आलं, अख्खं अँड्रॉइड बदलणारं. दुसऱ्या दिवशी फोन गाडीला जोडला गेला, कॉलही व्यवस्थित झाला. गाणं लावलं तर आवाज जेमतेम. नॉब फिरवला की स्क्रीनवरचा आकडा वाढायचा आणि आवाज तिथेच. आणखी फिरवला की एकदम कानठळ्या. स्टिअरिंगवरचं ‘पुढचं गाणं’ हे बटण तर मुकंच झालं होतं. गाणं बदलायला फोन उचलायचा म्हणजे हायवेवर नसती जोखीम, शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडी चालवताना हातात फोन धरणं कायद्यानेही ‘धोकादायक ड्रायव्हिंग’मध्ये येतं.

आधी गाडीच्या सर्व्हिस सेंटरला गेले. “मॅडम, आमचा स्टिरिओ ओके आहे, प्रॉब्लेम फोनचा.” मोबाईलच्या सर्व्हिस सेंटरमध्ये त्या मुलाने माझा फोन स्वतःच्या इअरबड्सना जोडला, गाणं लावून दाखवलं आणि म्हणाला, “फोन ओके आहे, प्रॉब्लेम स्टिरिओचा. हवं तर फॅक्टरी रीसेट मारून देतो.” दोघंही आपापल्या जागी खरं बोलत होते, हीच तर पंचाईत. जुनं अँड्रॉइड परत टाकून मिळेल का, असंही विचारलं. तसं करायचं तर बहुतेक फोनमध्ये बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या प्रोग्रामचं कुलूप, उघडावा लागतो, फोनमधला सगळा डेटा पुसला जातो आणि नंतर बँकेची ॲप्स चालतील याची खात्री नसते. तो विचार तिथेच सोडला.

उपयोगी बोलला तो आमचा ऑटो इलेक्ट्रिशियन. त्याने स्टिरिओ उघडलाच नाही. “ताई, ‘ब्लूटूथ चालत नाही’ असं सांगू नका. काय चालतंय आणि काय नाही, ते सांगा.” कॉल चालतात, गाणं पोहोचतं, बिघाड फक्त आवाजाच्या आणि बटणांच्या हुकमात आहे. पेनड्राइव्हवरची गाणी ठणठणीत वाजली, म्हणजे स्पीकर आणि नॉब निर्दोष सुटले. ह्यांचा जुना, अपडेट न झालेला फोन जोडला, तोही नीट चालला.

घरी येऊन मी वाचत बसले. ब्लूटूथ म्हणजे एकच तार नव्हे. कॉलसाठी एक प्रोफाइल (म्हणजे बोलण्याची ठरलेली पद्धत), गाण्यासाठी दुसरं, नाव-नंबरांसाठी तिसरं, आणि बटणांच्या हुकमांसाठी ‘एव्हीआरसीपी’ नावाचं चौथं. या चौथ्याच्या १.४ आवृत्तीपासून ‘ॲब्सोल्यूट व्हॉल्यूम’ नावाची एक सोय आली. त्याआधी फोनचा आवाज वेगळा आणि स्टिरिओचा वेगळा असायचा. या सोयीत फोन आणि स्टिरिओ मिळून ० ते १२७ मधला एकच आकडा सांभाळतात. जोडणी होताना दोघं एकमेकांना आपल्याला काय काय येतं ते सांगतात, आणि अडचण तिथेच होते. स्टिरिओ सांगतो ‘येतं’, पण ते त्याला धड येत नसतं. फोनचं जुनं सॉफ्टवेअर तिकडे काणाडोळा करत असेल, तर काही कळतही नाही. अपडेटनंतर फोनने ते खरं मानलं, की झालं.

जोडी तोडून पुन्हा जोडली, फक्त फोनमधून नाही, स्टिरिओच्या यादीतूनही फोन काढून टाकला. फरक नाही. नेटवर्क सेटिंग रीसेट केलं, त्यात घरच्या आणि कॉलेजच्या वायफायचे पासवर्ड गेले आणि गाडी होती तिथेच. मग ‘फोनविषयी’मध्ये जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली. फोनने मला डेव्हलपर झाल्याचं कळवलं. (इतकी वर्षं रसायनशास्त्र शिकवून मिळाली नाही एवढी झटपट पदवी.) तिथे ‘ॲब्सोल्यूट व्हॉल्यूम बंद करा’ हा पर्याय चालू केला, एव्हीआरसीपीची आवृत्ती १.३ वर आणली आणि फोन रीस्टार्ट केला. नॉब हातात आला! बटणंही बोलू लागली. फक्त फोनचा आवाज आधी पूर्ण वाढवून ठेवायचा आणि मग नॉबला हात लावायचा, एवढं लक्षात ठेवावं लागायचं.

हे सुख टिकलं नाही. माझ्या बँकेच्या ॲपने उघडायलाच नकार दिला: फोनमध्ये डेव्हलपर पर्याय चालू आहेत, सुरक्षित नाही. ते बंद केले की बँक उघडायची, पण आतली सेटिंग मूळपदावर जायची आणि गाडीत पुन्हा कानठळ्या. काही दिवस मी सकाळी गाडीसाठी पर्याय चालू आणि फीचे पैसे भरताना बंद, असा खेळ केला. फोन शहाणा म्हणवतो, पण ही उठाठेव माझ्याच गळ्यात.

शेवटी पुन्हा गाडीच्या सर्व्हिस सेंटरला गेले. या वेळी तक्रार लिहून नेली: कॉल ठीक, गाणं ठीक, व्हॉल्यूम आणि स्टिअरिंगची बटणं चालत नाहीत, दुसऱ्या फोनवर चालतात, ॲब्सोल्यूट व्हॉल्यूम बंद केल्यावर चालतात. स्टिरिओच्या सेटिंगमध्ये दिसणारा सॉफ्टवेअरचा नंबरही लिहिला होता. कागद पाहून सल्लागार आत गेला आणि वर्कशॉपच्या प्रमुखाला घेऊन आला. त्यांच्याकडे माझ्या मॉडेलच्या स्टिरिओचं नवं सॉफ्टवेअर होतं, फक्त ते कुणी आपणहून टाकत नाही. पेनड्राइव्ह लावला, इंजिन चालूच ठेवायला सांगितलं, आणि मधे काही बंद करू नका असं दोनदा बजावलं. जतन केलेली रेडिओ स्टेशनं आणि बास-ट्रेबलची जुळवणी पुसली गेली. पण डेव्हलपर पर्याय कायमचे बंद करता आले, नॉब नीट चालतो, बँकही उघडते.

एक गोष्ट तशीच आहे. मराठीत साठवलेली नावं त्या स्क्रीनवर चौकोन-चौकोन दिसतात, आई असो की गॅसवाला. ते मात्र अपडेटच्या आधीपासूनचं आहे. त्या स्टिरिओत देवनागरी घालायचं कुणाला सुचलंच नसावं, आणि नव्या सॉफ्टवेअरनेही ते सुचवून घेतलेलं नाही.

नव्या आवृत्तीचा नंबर मी जॉबकार्डवर लिहून घेतला. आमच्याच स्टाफरूममधल्या एका मॅडमकडे याच मॉडेलची गाडी आहे. त्यांना काउंटरवर “असं काही अपडेट नसतं” असं उत्तर मिळालं. माझ्या जॉबकार्डचा फोटो दाखवल्यावर पेनड्राइव्ह सापडला.