रेघा नेमक्या कुठं थांबतात

परवाच्या प्रोजेक्ट व्हायव्हात जे झालं ते डोक्यातून जात नाहीय म्हणून लिहितोय. मी बेळगावात बीएस्सीला फिजिक्स शिकवतो. खानापूर तालुक्यातल्या एका मुलीनं शेवटच्या वर्षाला मंगळावरच्या काळ्या रेघा हा विषय घेतला होता. तिथल्या विवरांच्या उतारांवर उन्हाळ्यात या रेघा उमटतात, खाली वाढत जातात आणि थंडीत पुसट होतात. त्या पाण्याच्या नाहीत, कोरडी वाळू घसरून होतात, असं तिच्या रिपोर्टचं म्हणणं. रुंदी अर्धा ते पाच मीटर, तरी दिसतात त्या मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटरवरच्या हायराइज कॅमेऱ्यामुळं. यान 2006 पासून मंगळाभोवती फिरतंय. रेघा पहिल्यांदा हेरल्या त्या लुजेंद्र ओझानं, मूळचा नेपाळचा, तेव्हा ॲरिझोनात पदवीलाच शिकत होता. हे मी दर बॅचला आवर्जून सांगतो.

लोकांना वाटतं फोटो उघडला की झालं. एकेक फाइल शेकडो एमबीची, कॉलेजच्या नेटवर ती उतरायचीच नाही, पोरीनं रात्री घरी मोबाइलच्या डेटावर उतरवून घेतल्या. त्यात एकाच जागेचे दोन फोटो कधी सारखे नसतात, यान कधी सरळ खाली बघतं कधी कलून, सूर्य वेगळ्या उंचीवर, हवेत धूळ कमीजास्त, म्हणजे रेघ गडद झाली की नुसती सावली पडली हेच आधी ठरवावं लागतं. मग जोडीच्या फोटोंवरून केलेलं उंचीचं मॉडेल घ्यायचं (फुकट मिळतं), त्यावर फोटो बसवायचा आणि प्रत्येक रेघेच्या खालच्या टोकाशी उतार किती ते मोजायचं. हे काम तिनं इतकं नेटकं केलंय की मला अजून अभिमान वाटतो. आणि मंगळाचं वर्ष 687 दिवसांचं, चार उन्हाळे ताडून बघायचे तर मधे पाच वर्षांहून जास्त जातात. यान इतकी वर्षं टिकलं म्हणूनच तीन वर्षांच्या डिग्रीतल्या पोरीला हे जमलं.

तर बाहेरून आलेले परीक्षक रिपोर्ट चाळून म्हणाले, 2015 ला नासानंच सांगितलं ना, रेघांत पाणी धरलेले क्षार सापडले, म्हणजे पाणी आहे म्हणून, मग तू कोरडी वाळू कुठनं आणलीस? ती म्हणाली, "सर, तो क्षारांचा पुरावा याच यानाचा होता आणि 2017 चं कामपण याच यानाच्या फोटोंवरचं आहे." रेघा कोरड्या वाळूच्या घसरणीच्या म्हणणाऱ्या त्या 2017 च्या शोधनिबंधात 10 ठिकाणच्या 151 रेघा मोजल्यात, जवळजवळ सगळ्या 27 अंशांहून जास्त उतारावरच. हिच्या रेघा थोड्या, पण थांबतात तिथंच. "पाणी असतं तर उतार कमी झाल्यावरबी थोडं पुढं गेलं असतं की ओ सर. खळ्यावर भाताची रास ओतली की बाजूचा उतार ठरलेलाच राहतोय, वरनं आणखी टाकलं तरी."

परीक्षकांनी मान हलवली, मार्क मात्र बेतानंच दिले. मला राग आला तो मार्कांचा नाही. पाण्याची बातमी पहिल्या पानावर येते आणि दोन वर्षांनी तसल्याच रेघा मोजून कुणी वेगळं सांगितलं तर ते शिकवणाऱ्यांपर्यंतसुद्धा पोचत नाही, याचा आला.

पण जाता जाता त्यांनी विचारलेला एक प्रश्न खराच अवघड होता. कोरडी वाळूच असेल तर ती उन्हाळाच का धरते? घसरण सुरू कशानं होते? तिनं "पक्कं माहीत नाही सर" असं सरळ सांगितलं, आणि ते बरोबरच होतं. 2018 मध्ये मंगळभर धुळीचं वादळ झालं, त्यानंतर रेघा खूप वाढल्या, म्हणजे नव्यानं बसलेल्या धुळीचा काहीतरी संबंध दिसतो, पण धूळ हलवतंय काय? आता तिला त्याच उतारांचे वादळाआधीचे आणि नंतरचे फोटो शेजारी ठेवून बघायचेत. एमएस्सीला ॲडमिशन अजून व्हायचीय, फाइलींची यादी आधीच तयार.