रात्र अशी नव्हती गं

मंगळवार, रात्रीचे पावणेबारा

ताईचा मेसेज दुपारी आला. "छान झालंय, पण रात्र अशी नव्हती गं." एवढंच, आणि पुढे एक फूल. त्यात लागण्यासारखं काही नाही, ती मनात आलं की बोलते आणि विसरून जाते, मला माहितीये. पण कुकर लावताना, भाजी निवडताना, मग गॅलरीतले कपडे काढताना डोक्यात तेच. रात्र अशी नव्हती. मग कशी होती?

गेले तीन आठवडे मी या खळ्याच्या मागे लागलेय, आमच्या लहानपणच्या घरापुढचं अंगण, ते रात्रीचं कापडावर रंगवतेय. मांजरपाट आणलं, गरम पाण्यात दोनदा धुऊन खळ काढली, कारण खळ राहिली की रंग कापडात शिरतच नाही, वरच्यावर थबकतो. जाड रंग लावायचाच नव्हता. जाड रंगाने कापड पुठ्ठ्यासारखं होतं, सुई करकरत जाते, आणि मला यावर गोधडीसारखा धावदोरा घालायचाय, खाली अस्तराला आईचं पातळ. म्हणून सगळं वॉशमध्ये, म्हणजे अगदी पाणीदार रंगात. एक चमचा फॅब्रिक कलरला सहा-सात चमचे पाणी, कापड आधी स्प्रेने ओलं करून घ्यायचं, रुंद ब्रशने वरून खाली येत जायचं आणि मग हात मागे घ्यायचा, पुढचं पाणी करतं. काळा रंग मी वापरलेलाच नाही. काळ्याने रात्र मेल्यासारखी दिसते. प्रशियन ब्लूमध्ये थोडा बर्न्ट अंबर मिसळला की जो गडदपणा येतो त्याला खोली असते, विहिरीत वाकून बघितल्यासारखी.

पहिल्या रात्री ते ओलं कापड इतकं सुंदर दिसत होतं की मी मनूला उठवून दाखवणार होते. सकाळी बघते तर फिकं, शाळेच्या युनिफॉर्मसारखं निळं. ओल्या कापडात धाग्यांमधल्या हवेची जागा पाणी घेतं, उजेड आत मुरतो आणि परत कमी येतो, म्हणून सगळं गडद दिसतं. हे मला माहीत होतं, तरी त्या रात्री मी त्या गडदपणावर विश्वास ठेवलाच. मग दुसरा वॉश, मग तिसरा, प्रत्येकाच्या मधे कापड पूर्ण वाळू द्यायचं आणि या पावसात वाळायला दीड-दीड दिवस. चांदण्यांसाठी खडे मीठ टाकून बघितलं. ओल्या रंगावर पडलेला खडा आजूबाजूचं रंगीत पाणी ओढून घेतो आणि तिथे फिकट ठिपका राहतो, पण या हवेत मीठच पाणी सोडायला लागलं, सगळे ठिपके फिसकटले. शेवटी चांदण्या दोऱ्याच्या गाठींनी करायच्या ठरवल्या.

तिसऱ्या वॉशनंतर जी रात्र आली ती मला अगदी आपली वाटली. आपल्या खळ्यातली. तीच मी ताईला पाठवली.

संध्याकाळी राहवेना, व्हिडिओ कॉल केला. अशी नव्हती म्हणजे काय? तर म्हणाली, "निळी नव्हती गं. हिरवट असायची." रात्र आणि हिरवट? मी म्हटलं, चल, नीट आठवू या. ती एकेक बोलत गेली आणि मी डोळे मिटून ऐकत होते. पायरी. डावीकडे तुळस. मग दगडांचा गडगा, गडग्याला लागून जांभळ. मी म्हटलं, जांभळ विहिरीपाशी. "विहीर खळ्यात कुठे होती? परसात होती." मी म्हटलं, असं कसं, खळ्यात रहाटाचा आवाज यायचा. ती म्हणाली, आवाज सगळीकडे येतो, विहीर खळ्यातून दिसायची नाही.

माझ्या कापडावर विहीर आहे. मधोमध.

व्हिसलर नावाचा एक चित्रकार १८७० च्या दशकात लंडनला थेम्सच्या काठच्या रात्री रंगवायचा. रंग इतका पातळ करायचा की ओघळू नये म्हणून कॅनव्हास जमिनीवर आडवा ठेवावा लागायचा, आणि त्या पातळ रंगाला तो सॉस म्हणायचा. रात्री बाहेर उभं राहून रंगवणार कसं, म्हणून तो नदीकडे नुसता बघत राहायचा, मग पाठ फिरवून सोबतच्या माणसाला जे बघितलं ते तोंडी म्हणून दाखवायचा, काही सुटलं की पुन्हा वळून बघायचा. हे वाचल्यापासून मला त्याच्याबद्दल फार माया वाटते. पण त्याला वळून बघता यायचं. आम्ही वळून कुठे बघणार, तिथे आता... जाऊ दे, तो विषय नको.

इथल्या गच्चीवर जाऊन बघावं तर आकाश रात्रभर गढूळ तांबूस. पेंचच्या व्याघ्र प्रकल्पाला २०२४ च्या जानेवारीत देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, ती बातमी वाचून मला आनंद व्हायच्या ऐवजी पोटात कालवलं होतं. अंधार राखून ठेवायची वेळ आली.

तर हिरवट. विचारलं, का हिरवट? म्हणाली, "काजवे. मे संपता संपता, पाऊस पडायच्या आधी. जांभळीवर इतके बसायचे की सगळी जांभळ एकदम उजळायची आणि एकदम विझायची. खळंसुद्धा हिरवट दिसायचं." मी म्हटलं, मला काजवे आठवत नाहीत. तर म्हणाली, "तुला कुठून आठवणार, तू झोपलेली असायचीस. एकदा आप्पांनी उठवून बाहेर आणलं तर रडायला लागलीस, मग परत माजघरात नेऊन ठेवलं तुला."

हे मला आजपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं.

म्हणजे मी तीन आठवडे न बघितलेल्या रात्रीवर वॉश चढवतेय. शेंडेफळ म्हणून सगळ्यांना वाटतं हिचे लाड झाले. झाले असतील. पण माझ्याकडे जे आहे ते सगळं सांगितलेलं आहे, काकूने सांगितलेलं, ताईने सांगितलेलं, आईने तर शेवटी शेवटी एकच गोष्ट चार-चार वेळा सांगितलेली, आणि मी त्यालाच आठवण म्हणत आले. विहीर मी खळ्यात ठेवली कारण पहाटे अंथरुणात पडल्यापडल्या रहाट ऐकू यायचा. म्हणजे रात्रही मी अंथरुणातूनच रंगवली की. आणि आप्पांनी मला उचलून बाहेर आणलं होतं, त्यांना ते मला दाखवायचं होतं, आणि मी रडले. हे मला झेपत नाहीये. चाळीस वर्षं झाली त्याला आणि मला आज संध्याकाळी त्याचं वाईट वाटतंय.

फोन ठेवणारच होते. तेवढ्यात ताई म्हणाली, "थांब, ते मागे दोरीवर काय लटकलंय?"

ते बिघडलेलं कापड. अगदी पहिलं. कंदिलाच्या उजेडासाठी तिथे आधी यलो ऑकरचा वॉश दिला होता आणि तो वाळायच्या आधीच घाईघाईने निळा सोडला. निळा सरकत सरकत पिवळ्यात शिरला आणि सगळा मधला भाग शेवाळी होऊन बसला. तेव्हा रडू आलं होतं. गेले तीन आठवडे मी त्याला ब्रश पुसत होते.

"जवळ आण. आता लाईट बंद कर जरा." मी लाईट बंद केला, पॅसेजचा तेवढा राहिला. ती काहीच बोलेना, मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाली, "हीच गं." पुन्हा तेच, "हीच." तिचे डोळे भरले. माझे नाही. मला त्यात काही दिसलं नाही, मी नुसती तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, त्या चेहऱ्यावर ते खळं आलं होतं.

आता ते कापड समोर आहे. ब्रश पुसलेले डाग आहेत एका कडेला, ते गडग्यात जातील. वर फक्त आकाशाला एक गडद वॉश आत्ता दिलाय, खाली हिरव्याला हात लावला नाही. विहीर खोडायची काही गरजच नाही, या कापडावर ती आलेलीच नव्हती. माजघराची खिडकी मात्र घेईन, ऑकरचा बोटभर चौकोन, मी तिथे आत आहे. रहाटाचा आवाज माझा आहे, तो कोणी सांगितलेला नाही, पण आवाजाचं कापडावर काय करायचं ते सुचत नाही. धावदोरा खिडकीपासून गोल गोल घालत बाहेर नेला तर? बघू.

पूर्ण वाळलं की उलट्या बाजूने इस्त्री फिरवून रंग पक्का करायचा. ताई रविवारी येतेय. तिच्या हातात खडू देणार आहे, जांभळीवर काजवे कुठे कुठे होते ते तिने खुणा करून द्यायचे, मी बसून एकेक गाठ मारेन, कितीही असू देत. आप्पा नेमके कुठे उभे राहायचे तेही विचारायचंय.

एक कोपरा अजून ओला आहे. म्हणजे आज टेबलवरचं प्लास्टिक उचलता येणार नाही, सकाळी डबे ओट्यावरच भरावे लागणार.