गावातून सूर्याची साइट: घोडं अडतं ते 120 अंशांवर

जहाजावर दुपारी सूर्याची साइट घेऊन, म्हणजे सेक्सटंट या कोन मोजायच्या उपकरणाने क्षितिजापासून सूर्याचा कोन मोजून, अक्षांश काढणं सरावाने हातात बसतं. सुटीत गावी, यवतमाळ-वर्ध्याच्या पट्ट्यात, हा सराव ठेवायचा तर समुद्राचं क्षितिज नसतं. परातीत तेल ओतून कृत्रिम क्षितिज करा, एवढं पुस्तकं सांगतात. त्यापुढची अडचण मला एकाही पुस्तकात सापडली नाही, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

तेलातलं प्रतिबिंब आणि आकाशातला सूर्य यांच्यातला कोन उन्नतांशाच्या (क्षितिजापासून सूर्याच्या उंचीच्या कोनाच्या) दुप्पट येतो. सेक्सटंटची अंश कोरलेली कमान 120, फार तर 125 अंशांवर संपते. म्हणजे सूर्य साठ-बासष्टच्या वर गेला की काम थांबलं. आपला अक्षांश साधारण साडेवीस. विषुवदिनी इथला दुपारचा सूर्य 69.5 अंशांवर असतो, त्याची दुप्पट 139. मेच्या चौथ्या आठवड्यात तर तो थेट डोक्यावर येतो. लंडनचा अक्षांश 51.5, तिथे 21 जूनलाही सूर्य 62 च्या वर जात नाही आणि दुप्पट कोन कमानीत मावतो. तिकडे बसून लिहिणाऱ्याला हे कधी नडलंच नसणार. पण तीच पुस्तकं आपल्याकडे चालतात, तर एक ओळ टाकायला हवी होती.

उन्हाळ्यात सकाळी नऊची साइट घ्या, असा सल्ला मिळतो. तोही अर्धाच कामाचा. मे महिन्यात इथे सूर्य सकाळभर जवळजवळ पूर्वेलाच राहतो. दोन तासांच्या अंतराने घेतलेल्या दोन स्थानरेषा (आपण जिच्यावर कुठेतरी आहोत अशी नकाशावरची रेषा) जवळपास समांतर पडतात आणि नीट छेदतच नाहीत. रेखांश चांगला मिळतो, अक्षांश नाही. त्यासाठी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत थांबावंच लागतं, आणि फेब्रुवारीच्या अखेरीस ही संधी संपते.

डिसेंबर सर्वांत उत्तम. तूर उभी असते आणि हवा बहुधा शांत. ट्रॅक्टरचं जळकं ऑइल वापरा: घट्ट असतं, थरथरत नाही, आणि काळं असल्यामुळे परातीच्या बुडाचं दुसरं प्रतिबिंब येत नाही. पारा नको, त्याची वाफ विषारी असते. वाऱ्यामुळे वर काच झाकायची वेळ आली तर अर्ध्या नोंदींनंतर ती 180 अंश फिरवा. तिच्या दोन बाजू अगदी समांतर नसतात. त्यापेक्षा कोठ्याच्या भिंतीचा आडोसा बरा. डोळ्याची जितकी उंची, साधारण तितक्याच अंतरावर परात ठेवून दक्षिणेकडे तोंड करून बसा. सेक्सटंटच्या काळ्या काचा दोन्ही बिंबांसाठी लावा, तेलातला सूर्यही डोळा जाळतो.

सेक्सटंटच्या आरशातल्या बिंबाची खालची कड तेलातल्या बिंबाच्या वरच्या कडेला टेकवायची. मध्यान्हापूर्वी दोघांत फट पडत राहते, ड्रम (कोन बारीक बदलायची चकती) फिरवून ती मिटवत राहा. फट पडायची थांबली की तोच सर्वोच्च कोन. त्यानंतर बिंबं एकमेकांवर चढू लागतात.

22 डिसेंबरचा नमुना: इंडेक्स एरर (सेक्सटंटची शून्याची चूक) काढून कोन 91°37′. अर्धा 45°48.5′. अर्धव्यास (बिंबाच्या कडेपासून केंद्रापर्यंतचा कोन), वक्रीभवन (हवेत किरण वाकणं) आणि लंबन (पृथ्वीच्या केंद्राऐवजी पृष्ठावरून पाहिल्याचा फरक) मिळून 15.5′ वाढवा: 46°04′. नव्वदातून वजा: 43°56′. त्यातून दक्षिण क्रांती (सूर्य विषुववृत्ताच्या किती दक्षिणेला आहे तो कोन) 23°26′ वजा केली की 20°30′ उत्तर. इंडेक्स एरर अर्ध्या करण्याआधी काढायची, अर्धव्यास नंतर. डिप (डोळ्याच्या उंचीमुळे समुद्राचं क्षितिज खाली दिसतं, त्याची दुरुस्ती) लावायचीच नाही; जहाजावरच्या सवयीने हात तिकडे जातो.

घड्याळाचं राहिलं. भारतीय वेळ 82°30′ रेखांशाची, त्यामुळे 78°30′ वर मध्यान्ह सरासरी 16 मिनिटं उशिरा. कालसमीकरण (खरा सूर्य आणि घड्याळाची सरासरी वेळ यांतला फरक) धरून नोव्हेंबरच्या सुरुवातीला बाराच्या सुमारास, फेब्रुवारीच्या मध्यात साडेबाराला. अल्मनॅकमध्ये (ग्रीनिच वेळेच्या खगोलीय पंचांगात) क्रांती पाहताना साडेपाच तास वजा करा. रेखांश हवा असेल तर सर्वोच्च क्षणावर विसंबू नका, तिथे सूर्य रेंगाळतो. मध्यान्हाच्या आधी आणि नंतर सारखा कोन कधी आला ते सेकंदासकट लिहा आणि मधली वेळ घ्या. 4 सेकंद चुकले की रेखांश 1′, म्हणजे इथे साधारण पावणेदोन किलोमीटर सरकतो.