फिल्ममध्ये उरलेला साबण

ग्राहकाची तक्रार एवढीच होती: तुमच्या ॲक्रिलिक इमल्शनचं (पाण्यात पसरलेल्या बारीक पॉलिमर कणांच्या मिश्रणाचं) कोटिंग पाणी लागलं की पांढरं पडतं. पहिला संशय अर्थातच पॉलिमरवर गेला. मोनोमरचं (पॉलिमर ज्या लहान रेणूंपासून बनतो त्यांचं) प्रमाण, घनभाग, स्निग्धता, कणांचा आकार, सगळं मापात निघालं. काचेवर ओढून वाळवलेली फिल्म नितळ होती. पाण्यात ठेवली आणि बघता बघता दुधाळ झाली. बाहेर काढून वाळवली की पुन्हा नितळ. म्हणजे पॉलिमर तुटत नव्हता. पाणी आत जाऊन कुठेतरी साठत होतं.

उत्तर मिळालं ते त्या भिजवणीच्या पाण्यात. ओतून देण्याआधी बाटलीत घालून हलवलं, तर वर फेस! इमल्शनचे कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून घातलेलं सोडियम लॉरिल सल्फेट (साबणासारखा स्टॅबिलायझर) फिल्ममधून सुटून बाहेर येत होतं.

मला हे आजही विलक्षण वाटतं. स्टॅबिलायझरचं काम इमल्शन डब्यात असेपर्यंतच, असं आपण धरून चालतो. पण फिल्म वाळताना पाणी उडतं, कण दाटीवाटीने एकजीव होतात, तेव्हा त्यांच्यावरचा साबण जाणार कुठे? काही पृष्ठभागावर येतो, काही कणांमधल्या फटींत अडकतो. हे बारीक कप्पे पाणी ओढून फुगतात. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, ॲक्रिलिकचा १.४८च्या आसपास, कप्प्यांचा आकार दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीजवळ, म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटरकडे सरकला की प्रकाश जोरात विखुरतो. तोच तो पांढरेपणा. (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल स्टॅबिलायझर म्हणून वापरून बनवलेला लाकडाचा पांढरा गोंद ओला झाला की मऊ पडतो, त्यातही पाण्याची ओढ असलेल्या स्टॅबिलायझरचा मोठा हात असतो.)

साबण कमी करून पाहिला. गाळणीवर गुठळ्या आल्या, आणि उरलेल्यात चाचणीसाठी कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण पडताच इमल्शन फाटलं. साबणाच्या ऋण भारामुळे कण एकमेकांना लांब ठेवतात; कॅल्शियमचे आयन नेमका तो भार झाकून टाकतात.

मग साबणाचा बराचसा भाग काढून त्याऐवजी दुहेरी बंध असलेला सर्फॅक्टंट (साबणासारखंच काम करणारा पदार्थ) घेतला. तो मोनोमरबरोबर पॉलिमरच्या साखळीतच गुंफला जातो, सुटा राहत नाही. या फिल्मच्या पाण्याला फेस जवळपास आलाच नाही, पांढरेपणाही पुसट. कॅल्शियमची चाचणी मात्र काठावर होती, म्हणून थोडा नॉन-आयोनिक, म्हणजे विद्युतभार नसलेला, सर्फॅक्टंट ठेवावा लागला. तो भाराने नव्हे, पाण्यात पसरलेल्या लांब साखळ्यांनी कणांना दूर ठेवतो. त्यामुळे येणारी किंचित धूसरता ग्राहकाने मान्य केली.