वाऱ्याची बाजू

कोविडच्या साथीच्या दुसऱ्या वर्षी, २०२१ मध्ये, निर्बंध जरा सैल झाल्यावर आम्ही लहान गट घेऊन पुन्हा डोंगरात जायला लागलो. गट नेणं आणि वेळ पडलीच तर प्रथमोपचार करून माणसाला सुखरूप खाली आणणं, हे आमचं काम. त्या काळातला एक दिवस सविस्तर मांडतोय, कारण उघड्यावर विषाणूचा धोका कुठे असतो आणि कुठे नसतो, हे त्या एका दिवसात जवळपास सगळ्या बाजूंनी समोर आलं.

गट आठ जणांचा आणि आम्ही दोघे. चार-चारच्या दोन तुकड्या, प्रत्येकीबरोबर आमच्यातला एक. एका घरातली माणसं एकाच तुकडीत, आणि दिवसभर तुकड्या एकमेकींत मिसळायच्या नाहीत. पुढे कुणी बाधित निघालं तर पाच जणांना घरी थांबावं लागायचं, दहा जणांना नाही. पण लहान गटाची दुसरी बाजूही असते. स्ट्रेचर वाहायला एका वेळी सहा जण लागतात आणि खडबडीत वाटेवर दर काही मिनिटांनी ते बदलावे लागतात. दहा जणांना जखमी माणूस आपल्या बळावर फार लांब नेता येत नाही. म्हणून त्या काळात आम्ही नेहमीपेक्षा सोप्या वाटा निवडत होतो: रस्त्यापासून दोन तासांच्या आतल्या, दोर न लागणाऱ्या. रुग्णालयं भरलेली असताना मोडलेला पाय घेऊन तिथे जायची वेळ आणू नये, हाही विचार होताच.

आदल्या संध्याकाळी प्रत्येकाला फोन करून ठरलेले प्रश्न विचारायचे: ताप, घसा, नवा खोकला, वास-चव जाणं, आणि गेल्या चौदा दिवसांत बाधित माणसाशी संपर्क. आजारातून उठलेल्यांना आणखी एक प्रश्न: लक्षणं पूर्ण थांबून किती दिवस झाले? किमान सात दिवस आणि त्यानंतर दोन आठवडे हलकी हालचाल, एवढं झाल्याशिवाय चढाला नाही. चालताना छातीत दुखत असेल किंवा धडधडत असेल तर आधी डॉक्टर, कारण या विषाणूनं हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते. या प्रश्नांना खरी उत्तरं मिळावीत म्हणून ऐनवेळी न येणाऱ्याचे पैसे पूर्ण परत, असा नियम होता. पैसे बुडणार असतील तर घशाची खवखव कुणी सांगत नाही. माझ्या मते हा नियम मास्कइतकाच महत्त्वाचा.

सकाळी पायथ्याशी गाड्या आल्या. पाऊस भुरभुरत होता. एका गाडीच्या काचा आतून वाफेनं पांढऱ्या झालेल्या. मागच्या काचेवर कुणीतरी बोटानं पुसून बाहेर बघायला जागा केली होती. गाडीत चौघे, प्रवास दीड तासाचा, मास्क हनुवटीवर. काचेवरची ती वाफ म्हणजे बऱ्याच अंशी चौघांनी सोडलेला श्वासच. ती जमली याचा अर्थ गाडीतली हवा पुरेशी बदलत नव्हती. पाऊस असला तरी समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोन काचा, म्हणजे पुढची डावी आणि मागची उजवी, चार बोटं उघड्या ठेवायच्या. आतलीच हवा फिरवणारं बटण बंद करून बाहेरची हवा आत घ्यायची. परतीसाठी हे त्यांना समजावून सांगितलं. ते चौघे एकाच तुकडीत होते, तीच तुकडी पुढे ठेवली आणि त्यांच्याबरोबर मी निघालो.

चढावर मास्क काढून खिशात. यावर तेव्हा बरेच वाद व्हायचे. एप्रिल २०२० मध्ये संगणकावरचा एक अभ्यास खूप फिरला होता: धावणाऱ्याच्या मागे १० मीटर आणि सायकलवाल्याच्या मागे २० मीटर अंतर ठेवा. तो अभ्यास थेंब हवेत कसे मागे जातात याचा होता, कुणाला लागण झाली का याचा नव्हता. उघड्या वाटेवर, वारा असताना, समोरून माणूस दोन सेकंदांत निघून गेला तर त्यात घाबरण्यासारखं जवळजवळ काही नसतं. दोघांमध्ये दोन मीटर अंतर आम्ही ठेवतोच, कारण पुढचा घसरला तर मागच्याला थांबायला जागा हवी. मास्क लागतो तो शिडीपाशी, अरुंद खिंडीत, माथ्यावरच्या गर्दीत, म्हणजे जिथे माणसं थांबून जवळजवळ उभी राहतात तिथे. भिजलेला मास्क निकामी समजायचा: त्यातून श्वास ओढायला जोर लागतो आणि हवा कडेच्या फटींतून आत येते. माणशी तीन कोरे मास्क, बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत. वापरलेल्यांसाठी वेगळी पिशवी.

जेवताना मात्र मास्क निघतात आणि गप्पा रंगतात. म्हणून बसायची ओळ वाऱ्याला आडवी. वाऱ्याच्या दिशेत एकामागे एक बसलं तर पहिल्याचा श्वास शेवटच्यापर्यंत सगळ्यांवरून जातो. आडव्या ओळीत तो प्रत्येकाच्या पाठीमागे निघून जातो. वारा कळत नसेल तर चिमूटभर सुकं गवत सोडून बघायचं. आणखी एक, घाईत राहून जाणारं: सॅनिटायझरमध्ये साठ टक्के किंवा जास्त अल्कोहोल असतं. हात पूर्ण सुकल्याशिवाय स्टोव्ह पेटवायचा नाही. अल्कोहोलची ज्योत उजेडात दिसतही नाही.

अपघात उतरताना झाला. ओल्या कातळावर पुढच्या तुकडीतल्या एक ताई घसरल्या, पाऊल आत वळलं आणि त्या तिथेच बसल्या. दोन मीटरवरूनच विचारलं, “ताई, श्वास नीट येतोय ना? डोकं आपटलं का?”

“श्वास ठीक आहे दादा. डोकं नाही आपटलं. पाय टेकवता येत नाहीये.”

तोंडावर मार नाही, शुद्ध आहे, श्वास सहज आहे, म्हणजे मास्क लावायला हरकत नाही. कोरा मास्क त्यांनी स्वतःच लावला. साधा सर्जिकल; झडप असलेला एन-९५ अशा वेळी रुग्णाला देऊ नये, कारण झडपेतून बाहेर जाणारा श्वास गाळलाच जात नाही. जवळ एकच जण गेला, एन-९५, चष्मा आणि हातमोजे घालून, आणि वारा दोघांना आडवा जाईल असा पायांशी बसला. दुसरा प्रथमोपचाराच्या पेटीपाशी थांबून लागेल ती वस्तू काढून देत राहिला. रुग्णाला लागलेला हात पेटीत जात नाही, पेटीचा हात रुग्णाला लागत नाही. याची सवय आधी घरी करून ठेवावी लागते, प्रसंगात ती सुचत नाही.

घोटा तपासताना दोन गोष्टी बघायच्या. बाहेरच्या किंवा आतल्या घोट्याच्या हाडाची मागची कड टोकापासून ६ सेंटीमीटर वरपर्यंत बोटानं दाबत जायचं. आणि चार पावलं टाकता येतात का ते विचारायचं. कडेवर दुखलं किंवा चार पावलं जमली नाहीत तर एक्स-रे होईपर्यंत हाड मोडलंय असंच धरायचं. इथे दोन्ही होतं. नखं दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत रंग परत येत होता, बोटांना स्पर्श कळत होता. फोम लावलेली ॲल्युमिनियमची पट्टी तळव्याखालून दोन्ही बाजूंनी वर घेतली, पाऊल काटकोनात ठेवून क्रेप बँडेजनं बांधली, आणि रक्तपुरवठा पुन्हा तपासला. बांधल्यावर तपासायचं राहतं आणि नंतर बोटं निळी पडतात, हे फार वेळा होतं.

मग पाऊस वाढला, वारा उठला, आणि ताई कुडकुडायला लागल्या.

आमच्याकडे सहा जणांचा आपत्कालीन निवारा होता. ही खांब नसलेली नायलॉनची मोठी पिशवी; सगळ्यांनी आत बसून पाठीनं आणि डोक्यानं ती ताणून धरायची. काही मिनिटांत आत ऊब येते. ती ऊब येते माणसांच्या अंगातून आणि श्वासातून, आणि नेमकी तिथेच साथीत अडचण आहे. आतली जागा साधारण दोन घनमीटर धरा, म्हणजे २,००० लिटर. बसलेला माणूस मिनिटाला सात-एक लिटर हवा घेतो. सहा जण ४२ लिटर. निवाऱ्याच्या हवेच्या झडपा बंद असतील तर पाऊण तासात आतल्या सगळ्या हवेइतकी हवा कुणा ना कुणाच्या फुप्फुसातून जाऊन येते, आणि कुडकुडणारा माणूस याहून जास्त घेतो. त्यात एक जण बाधित असेल तर जेवताना आणि चालताना पाळलेलं सगळं अंतर इथे वाया जातं.

याच वेळी पुन्हा विचारल्यावर ताईंनी सांगितलं की आदल्या रात्रीपासून घसा खवखवत होता, धुळीमुळे असेल असं वाटलं. त्यांना कुणी दोष दिला नाही. दोष दिला की पुढचं खरं उत्तर मिळत नाही.

निर्णय असा झाला. निवाऱ्यात फक्त ताई आणि त्यांची धाकटी बहीण. दोघी एकाच घरात राहतात, त्यामुळे बहिणीचा संपर्क आधीच झालेला. दोघींना मास्क. वरची झडप उघडी आणि वारा लागत नाही त्या बाजूची खालची कड वीतभर उचललेली, कारण एकाच भोकानं हवा फिरत नाही. ताईंच्या खाली दोन मॅट. जमीन हवेपेक्षा झपाट्यानं ऊब ओढून घेते. ओले कपडे काढून कोरडा थर, त्यावर स्लीपिंग बॅग, सगळ्यात बाहेरून चमकता थर्मल कागद. बाकीचे मोठ्या दगडांच्या आडोशाला, अंतर ठेवून, रकसॅकवर बसलेले, दर दहा मिनिटांनी उठून हातपाय हलवणारे.

थंडी आणि विषाणू यांत निवड करायची वेळ आली तर थंडी आधी. बाकीच्यांपैकी कुणाची जीभ जड झाली असती, पाय अडखळले असते, किंवा कुडकुडणं थांबूनही माणूस सुस्त झाला असता, तर त्याला मास्क लावून त्याच निवाऱ्यात घेतलं असतं. थंडी काही तासांत जीव घेते. विषाणूची लागण होईलच असं नसतं, आणि झाली तर उपचारांना दिवस मिळतात.

बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरनं ९० दाखवलं, आणि बहीण घाबरली. हात बर्फासारखा असताना त्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. बोटात रक्त कमी असलं की यंत्र चुकतं. श्वास मोजले, मिनिटाला अठरा. हात काखेत धरून ऊब दिली, दहा मिनिटांनी आकडा ९६.

बचाव पथकाला फोन लागेना, पण लिखित संदेश गेला. क्षीण सिग्नलवर तो बहुतेक वेळा जातो. त्यात जागेचे अक्षांश-रेखांश, जखम, रुग्णाची अवस्था, माणसं किती, हवामान, आणि स्पष्ट शब्दांत: घशाची लक्षणं, कोविडची शंका. हे आधी कळलं तर पथक तयारीनं येतं. कळलं नाही तर तेव्हा पूर्ण पथक विलगीकरणात जायचं आणि त्या डोंगराला काही दिवस पथकच उरायचं नाही.

पथक आल्यावर वाहण्याचं काम सगळ्यात जोखमीचं. सहा जण खांद्याला खांदा लावून, दमलेले, रुग्णाच्या तोंडापासून हातभर अंतरावर. बसलेला माणूस मिनिटाला सात लिटर हवा घेतो, स्ट्रेचर वाहणारा पन्नास-साठपर्यंत जातो. सगळ्यांना एन-९५, आणि त्यात दम लवकर लागतो म्हणून पाच-पाच मिनिटांच्या पाळ्या. उतारावर पाय पुढे, डोकं वर. डोक्याकडचे दोघे प्रत्येक पाळीत बदललेले. बोलायचं एकानंच. ओरडण्यानं साध्या बोलण्यापेक्षा कितीतरी जास्त कण बाहेर पडतात. पाळी बदलताना मास्क खाली ओढून श्वास घ्यायचा मोह सगळ्यांना होतो. तो श्वास दहा पावलं बाजूला, वाऱ्याकडे तोंड करून घ्यायचा.

दुसऱ्या दिवशी ताईंची चाचणी पॉझिटिव्ह आली. लक्षणं दिसायच्या दोन दिवस आधीपासून माणूस लागण देऊ शकतो, म्हणजे त्या सकाळी गाडीतही देत असणार. आम्ही सगळे घरी थांबलो, पाचव्या दिवशी चाचण्या केल्या. बाधित निघाले दोघे: बहीण आणि वाफ धरलेल्या गाडीतला आणखी एक जण. बाजूला बसून जेवलेले, पट्टी बांधणारा, स्ट्रेचर वाहणारे, सगळे निगेटिव्ह. बहिणीला लागण घरात, गाडीत की निवाऱ्यात झाली हे कुणीच सांगू शकणार नाही, आणि एका गटावरून सिद्ध काही होत नाही. पण मोठ्या तपासण्यांतही हेच दिसलेलं आहे. हुबेई प्रांताबाहेरच्या चिनी शहरांमधले, तीन किंवा अधिक रुग्णांचे ३१८ उद्रेक २०२० मध्ये तपासले गेले. सगळे बंद जागेतले निघाले. हिवाळा होता, माणसं घरातच होती, हे धरूनही तो आकडा बोलका आहे. बंद जागेत काय होतं त्याचं एक उदाहरण: मार्च २०२० मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एका समूहगायनाच्या अडीच तासांच्या सरावाला ६१ जण होते, त्यातले ५३ आजारी पडले.

त्यानंतर आम्ही सामान बदललं. सहा जणांच्या एका निवाऱ्याऐवजी दोन-दोन जणांचे तीन. वजन थोडं वाढतं, ते तीन जणांत वाटून घेतो. निघण्याआधी कुणी कुणाबरोबर आत बसायचं याच्या जोड्या घरांप्रमाणे ठरवून कागदावर लिहितो आणि तो कागद प्रथमोपचाराच्या पेटीत वरच ठेवतो, कारण पावसात, घाईत, कुडकुडणाऱ्या माणसांना हे विचारत बसायला वेळ नसतो.